गावाला मारबत पाहिजे असते

वाचक लिहितात:

नर्सबाई, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात मी आशा स्वयंसेविका आहे. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, दीड किलोमीटरवर कोलाम आदिवासींची वस्ती, पोड. यंदा, 2021 च्या एप्रिलमध्ये, एक मोठी तेरवी झाली आणि त्यानंतर घराघरांत ताप सुरू झाला. तीन माणसं गेली, कोरोनाची टेस्ट एकाचीही झाली नाही. सगळे म्हणतात टायफॉईड आहे. गावातले डॉक्टर घरी येऊन सलाईन लावतात. मी सर्व्हेला गेले की लोक दार लावून घेतात. "हे आली का पॉझिटिव्ह निघते," म्हणतात. परवा हापशीवर माझा पाण्याचा गुंड पायाने बाजूला सारला. नवरा म्हणतो, सोड ते काम. आणि आता माझ्याच सासूला चार दिवसांपासून ताप आहे. त्या टेस्ट करू देत नाहीत. घरचे म्हणतात, बाहेर बोलशील तर बघ. काम सोडू का? सासूचं काय करू? लोकांना कसं समजावू?
– एक आशा

लेकी,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी वाचलं. खाली नंबर दिसला तसा फोन लावला. चार दिवस ताप अंगावर असलेली पासष्टीची बाई रविवारच्या सदरासाठी कशी थांबेल? काय बोललो ते तुला ठाऊक आहे, पण हे सदर तुझ्यासारख्या आणखी किती घरांत वाचलं जातं, म्हणून तुला विचारूनच इथे थोडं लिहिते.

तुझ्या पिशवीत ऑक्सिमीटर होता. गावभर तो लोकांच्या बोटांना लावत फिरलीस, सासूच्या बोटाला लावला नव्हतास. का गं, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "आकडा दिसला असता तर सांगावं लागलं असतं." मी तुला रागावले नाही. गावातले लोक दार लावून घेतात तेही ह्याच कारणाने.

बसल्या जागी 95 आला आणि तुझा जीव भांड्यात पडला. मग मी म्हटलं, आता ओसरीत तीन मिनिटं चालव. चालून आल्यावर 91. पुढचं सगळं भरभर झालं. 108 ला फोन, रात्री गाडी, ग्रामीण रुग्णालयात अँटीजेन पॉझिटिव्ह. काल तू सांगितलंस की आईंच्या नाकाला ऑक्सिजन आहे, मुगाची खिचडी खाल्ली आणि "मले घरी ने, अठी माहा जीव लागत नाही" म्हणून त्या सिस्टरशी भांडल्या. भांडू देत. भांडायला श्वास लागतो, तो आहे.

हे 95 आणि 91 चं नीट सांगते, कारण इथेच माणसं फसतात. ह्या आजारात रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि माणसाला दम लागल्याचं कळतही नाही. ओट्यावर बसून गप्पा हाणतं, बिडी ओढतं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोहोचेपर्यंत 80 वर आलेलं असतं. म्हणून चालवून पाहायचं. सपाट जागेवर, नेहमीच्या चालीने, सहा मिनिटं. साठीच्या पुढच्यांना तीन पुरे. चालून झाल्यावर आकडा 93 च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनाहून जास्त उतरला, की सकाळची वाट पाहायची नाही. बसल्या जागीच 94 पेक्षा कमी असेल किंवा दम लागत असेल, त्याला मात्र चालवायचंच नाही, थेट 108. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार नको, यंत्र लावून मिनिटभर हलायचं नाही. पहिला उड्या मारणारा आकडा सोडून द्यायचा, स्थिर झालेला लिहायचा. आपल्या सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, तेव्हा 94 ला "चांगलं आहे" म्हणून उठू नये. आणि सेल संपले असतील तर सरळ ग्रामपंचायतीकडे माग. ऑक्सिमीटर आहे पण सेल नाही, ही कथा मी या महिन्यात चार आशांकडून ऐकली.

गाडी यायला वेळ लागणार असेल तर तोवर माणसाला पालथं झोपवायचं. छातीखाली एक उशी, कमरेखाली एक, नडग्यांखाली एक. उशा नसतील तर गोधड्यांच्या वळकट्या करा. पोटुशी बाई असेल, मोठा हृदयविकार असेल किंवा तासाभरात जेवण झालं असेल तर नको. आईंनी गाडी येईपर्यंत असं झोपायला आधी नकार दिला, "मी का मेली आहो का असी पडाले," म्हणून. मग झोपल्या.

आता गावाचं. "हे आली का पॉझिटिव्ह निघते" हे वाचून मला मारबत आठवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, हजारो लोक जमतात. आपल्या खेड्यांत एवढा थाट नसतो. पोरंटोरं पहाटेच शिवेपर्यंत ओरडत जातात: खोकला-खासी घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत! आजार डोळ्याला दिसत नाही. त्याला हाकलायचं तर हातात धरता येईल असं काहीतरी लागतं. कागदा-कापडाची बाहुली असली की ती शिवेबाहेर नेऊन जाळता येते आणि गाव मोकळ्या मनाने घरी येतं. 2020 मध्ये आपल्या गावांनी पुण्या-मुंबईहून पायी आलेल्या पोरांना मारबत केलं. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळचे आकडे आधी चढले तेव्हा शहरातले लोक आपल्याकडे बोट दाखवत होते. तुझ्या गावाला तू सापडलीस. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर, तूच येतेस आणि तूच नाव लिहून नेतेस. तुझ्या गुंडाला लाथ बसली ती आजाराला बसायची लाथ होती. म्हणून ती कमी लागली असेल असं मी म्हणणार नाही.

समजावू कसं, असं विचारतेस. मला विचारशील तर समजावणं थोडं बाजूला ठेव. मी नोकरीभर समजावलं. भिंतीवर लिहिलं, दवंडी दिली, फ्लिपबुक उघडून झाडाखाली बसले. लोक मान डोलावतात आणि घरी जातात.

1988 च्या पावसाळ्यात माझ्या उपकेंद्राच्या एका गावात हगवण-ओकारीची साथ आली होती. नाल्याचं पाणी विहिरीत शिरलेलं. आम्ही विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, रोज पाणी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी घरोघरी पाजलं. एक गडी ओट्यावर सुकून पडला होता, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. बैलगाडी जुंपून दारात तयार आणि तो उठेना. मी समजावलं, मग ओरडले, मग शिव्याही दिल्या. शेवटी त्याची म्हातारी हळूच म्हणाली, म्हैस आज-उद्यात व्यायची आहे. शेजारी एक माणूस होता, शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून ह्याची-त्याची दोन वर्षं बोलचाल बंद. तो कुंपणापलीकडून म्हणाला, "म्हशीचं मी पायतो. जाय तू." गडी उठून गाडीत बसला. वाचला. धुऱ्याचं भांडण पुढे कोर्टात गेलं ते गेलंच.

तर तुझे लोक टेस्टला घाबरतात, की टेस्टनंतरच्या दिवसांना? मृगाला पंधरा दिवस राहिलेत. वखरणी बाकी आहे, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं आहे, बियाण्याच्या पैशाची तजवीज नाही. अशा वेळी पॉझिटिव्ह निघालेला माणूस पहिला विचार छातीचा करत नाही. बैलांपुढे कुटार कोण टाकील, शेळ्या कोण सोडील, हा करतो. ह्याचं उत्तर रजिस्टरमध्ये नसतं, म्हणून तुझ्यापुढे दार लागतं. ते उत्तर घेऊन कुणी गेलं तर दार उघडेल. सगळी नाही उघडणार. पहिली दोन उघडली तरी चालेल.

पण ते घेऊन तू जायचं नाहीस. तू आणि तुझा नवरा आता 2021 च्या नियमाप्रमाणे चौदा दिवस घरात. तुमची अँटीजेन निगेटिव्ह आली म्हणजे सुटलात असं नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा टेस्ट करा, शक्यतो आरटीपीसीआर, कारण अँटीजेन बऱ्याच बाधितांना निगेटिव्ह दाखवते. ताप-खोकला आला तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी करा. तुला वाटतंय आता गावाचं कसं होईल. मला वाटतं, इतके दिवस सगळं गाव तुझ्या एकटीच्या चपलांवर चाललं होतं, आता ते खाली उतरेल.

पहिला फोन सरपंचांना कर, दुसरा पोलीस पाटलांना. त्यांनी दुसरीकडून ऐकण्याआधी तुझ्या तोंडून ऐकू दे: माझी सासू पॉझिटिव्ह आहे, दवाखान्यात आहे, आम्ही घरात आहोत, आम्हाला पाणी आणि किराणा लागेल. घरच्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, पण 108 रात्री दारात उभी राहिली तेव्हाच ते झाकलेलं उघडं पडलं. आता राहिलं ते एवढंच, की गाव कुजबुजीतून ऐकणार की तुझ्याकडून. आणि मदत मागताना लाजू नको. आशाताईच्या घरी आजार आला, तिने सांगितला, आणि तिच्या दारी पाणी पोहोचलं, हे एकदा गावाने पाहिलं की पुढच्या घराला बोलायला सोपं जाईल.

अंगणवाडीताई आणि बचत गटातल्या दोघी-तिघी तुझ्या जवळच्या आहेत म्हणालीस. सर्व्हे आता त्या करतील, तू फोनवरून सांगायचं. कुणाच्या घरात शिरायचं नाही. अंगणात उभं राहून, नाकावर मास्क, सकाळी आठच्या आत. मे महिन्याच्या उन्हात दुपारी कुणी दार उघडत नाही ते आजाराच्या भीतीने नाही. आणि पहिला प्रश्न "ताप आहे का" हा नको. "वखरणी झाली का" इथून सुरू करा. ज्या घरात झाली नसेल आणि गडी दिसत नसेल, तिथे ताप आहे. कुणाचे बैल कोण पाहील, शेळ्या कुणाच्या कळपात जातील, बँकेच्या रांगेत कोण उभं राहील, हे बचत गटाने ठरवलं तर एका सांजेचं काम आहे. डबा ओट्यावर ठेवून मागे सरायचं. वरण-भात, भाकर, चटणी, जे घरात शिजेल ते.

तांड्यावर नाईकाला आधी भेटा, त्यांच्या गोरमाटी बोलीतून बोलणारी बाई सोबत न्या. पोडावर शहरी शब्द चालायचे नाहीत. कोलामांना गावबांधणी माहीत आहे: रोगराई येऊ नये म्हणून गाव बांधायचं, त्या दिवशी शीव ओलांडायची नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. विलगीकरण त्यांना तू काय शिकवणार? "दहा दिवस ह्या घराची बांधणी करू, पाणी आपण देऊ," एवढं त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्याने म्हटलं तर पुरे.

दहा दिवस म्हणाले, ते 2021 च्या नियमाप्रमाणे, पॉझिटिव्ह माणसासाठी. सौम्य आजार घरी काढणाऱ्याने लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नसला पाहिजे. दोन खोल्यांच्या कवेलूच्या घरात वेगळं कसं राहायचं, हे दिल्लीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. आजाऱ्याला माजघरात कोंडू नका, ओसरीत बाज टाका. हवा जिथे वाहते तिथे आजार साचत नाही. आपल्याकडचा कूलर बंद खोलीत मध्यभागी ठेवतात आणि तीच हवा गोल फिरवतात, ते नको. कूलर खिडकीत किंवा दारात, पाठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे तो बाहेरची हवा आत ओढील; समोरचं दार-खिडकी उघडी, म्हणजे आतली निघून जाईल. आणि ती निघालेली हवा लेकरं झोपतात तिकडे जात नाही ना, ते पाहा. शेतातल्या झोपडीत जाऊन राहणारेही आहेत. जवान, बरा असलेला माणूस असेल तर हरकत नाही, पण फोन लागत नसेल आणि रात्री सोबत नसेल तर अजिबात नाही.

ज्यांच्या घरी जागाच नाही, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा. पण शाळेचं नाव काढलं की लोक गेल्या वर्षीचं आठवतात: पंखा नाही, संडासाला कुलूप, रात्री विंचू. त्यात पुन्हा जा म्हणणं म्हणजे शिक्षा. आधी पंखा, बल्ब, पाण्याची टाकी, संडासाची चावी. ग्रामसेवकांना विचारा, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातून काय बसतं. सरपंचांनी पहिल्या रात्री स्वतः तिथल्या वऱ्हांड्यात बाज टाकून झोपून दाखवलं तर फारच बरं, पण एवढी अपेक्षा मी सगळ्याच सरपंचांकडून करत नाही.

गावातल्या डॉक्टरांवर तुझा राग आहे. पत्रात चार ओळी त्यांच्यावरच होत्या, त्या मी वर छापल्या नाहीत. राग बरोबर आहे. टायफॉईडची जी विडाल टेस्ट करतात, ती दुसऱ्या तापांतही पॉझिटिव्ह येऊ शकते, आपल्या भागात तर पूर्वीच्या टायफॉईडमुळेही येते. त्या एका कागदावर गावं निवांत झोपली आणि चार-पाच मोलाचे दिवस गेले. लोकांना टायफॉईड आवडतो, कारण टायफॉईडला कुणी वाळीत टाकत नाही. माणूस खात-पीत असेल तर सलाईनची गरज नाही, आणि सुजलेल्या फुप्फुसांत जास्तीचं पाणी जाणं बरं नाही. दुसरं ते स्टेरॉइडचं इंजेक्शन, "डेक्सा". ऑक्सिजन लागणाऱ्याचा ते जीव वाचवतं. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला फायदा नाही, आणि शुगर असलेल्याची शुगर आभाळाला भिडते. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीचे पेशंट विदर्भभर निघाले, त्यात शुगरवाले आणि स्टेरॉइड घेतलेले बरेच. कोरोनातून उठलेल्याचं एका बाजूचं नाक चोंदलं, गाल दुखला, डोळा सुजला, दात हलू लागले, तर घरी शेक देत बसू नये. त्याच दिवशी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात.

एवढं असूनही मी तुला त्यांच्याशी भांडायला सांगणार नाही. रात्री दोनला गावात येणारा तो एकच माणूस आहे आणि त्याचे पैसे लोक पीक निघाल्यावर देतात. सरपंचांना मध्ये घालून त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा. ताप तीन दिवसांवर गेला की पेशंटला टेस्टला पाठवा, आणि सलाईन लावण्याआधी बोटाला ऑक्सिमीटर लावा. टायफॉईड म्हणायचं तर म्हणा, पण टेस्टही करा. त्यांचा मान राहील, पेशंटही राहील. ह्यावर मला नागपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर झापलं, "तुम्ही त्यांना पाठीशी घालता" म्हणून. घालते. नाहीतर त्या गावात दुसरं कोण आहे ते त्यांनी सांगावं.

सौम्य असेल तर घरात काय, हे एका दमात: तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ताक, पन्हं, पोटभर जेवण, आराम, दिवसातून चार वेळा ऑक्सिजन आणि ताप कागदावर लिहून ठेवणं. वाफेने नाक मोकळं होतं, आजार जात नाही, आणि वाफ घेताना लेकरं भाजल्याचं मी ह्या दोन महिन्यांत दोनदा ऐकलं. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी सिटी स्कॅन करून "स्कोर किती" विचारत फिरायचं कारण नाही. बोटावरचा आकडा चांगला असेल तर त्या पैशांचं बियाणं घ्या. आणि दारूच्या दुकानांना कुलूप लागलं म्हणून सॅनिटायझर पिणाऱ्यांना हात जोडते. वणीला एप्रिल 2021 मध्ये सात जीव गेले.

लशीबद्दल तू फोनवर म्हणालीस की लोक "सरकार मारते" म्हणतात आणि तुला हसू येतं. हसू नको. 31 जानेवारी 2021 ला आपल्याच जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांना सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली, पण आयांनी ते मनात ठेवलं आहे. त्या आयांना तू अडाणी म्हणू शकत नाहीस. "तसं झालं होतं, चूक आपल्या लोकांची होती, म्हणून आता बाटली तुमच्यासमोर उघडतात, नाव वाचून दाखवतात" असं म्हण, आणि खरंच तसं होईल हे लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला सांगून ठेव. दुसरा राग खरा आहे, तोही ऐकून घे. मे 2021 च्या सुरुवातीला अठरा वर्षांवरच्यांची लस मोबाईलवर नोंदवायची होती, तेव्हा शहरातले लोक गाड्या घेऊन आपल्या केंद्रांवर आले आणि गावातली माणसं रांगेबाहेर उभी राहून पाहत होती. त्याच महिन्यात त्या वयाची लस थांबलीच. पंचेचाळीसच्या वरच्यांना मात्र तेव्हा मोबाईल नसला तरी चालत होतं, आधार कार्ड घेऊन केंद्रावर जायचं. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत 12 ते 16 आठवडे ठेवायचे, असं मे 2021 मध्ये ठरलं, तेव्हा "दुसरा नाही मिळाला, पहिला वाया गेला" म्हणणाऱ्यांना सांग, वाया गेला नाही. आईंना लस बऱ्या झाल्यावर तीन महिन्यांनी, केंद्र सरकारने 19 मे 2021 ला तसं सांगितलं. अंगावर पाजणाऱ्या बायांनाही तेव्हापासून घेता येऊ लागली.

राहिलं, काम सोडू का. नवऱ्याचा राग मला कळतो. हजार रुपये कोरोना भत्ता, तोही उशिरा, आणि त्यासाठी बायकोच्या गुंडाला लाथ. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. त्याच्या आईला तू हात लावलास तेव्हा त्यानेच 108 चा नंबर फिरवला, हे तूच सांगितलंस. सध्या ठरवूच नको. चौदा दिवस तुला तसंही बाहेर पडायचं नाही. त्यानंतर जायचं असेल तर अटी घालून जा: चांगला मास्क, सेल, सोबत दुसरी बाई, आणि सर्व्हेत कुणी शिवीगाळ केली तर पोलीस पाटलांनी त्याच दिवशी त्या घरी जायचं. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलणं हा 2020 पासून साथरोग कायद्यात अजामीनपात्र गुन्हा आहे. हे गावात सांगू नको, पण स्वतःला माहीत असू दे. ह्या 2021 सालात तुझ्या नावचा 50 लाखांचा विमाही आहे. त्याचे कागद कुठे असतात ते आरोग्य केंद्रात विचारून ठेव. विषय अशुभ वाटला तरी विचार. आणि अटी घालूनही मन नाही झालं तर सोड. दुसरी आशा मिळेल. तुझ्या लेकरांना दुसरी आई मिळायची नाही. हे वाचून आरोग्य खात्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी रागावतील.

काल फोन ठेवताना तू सहज म्हणालीस, गुरुवारपासून रोज पहाटे ओट्यावर भरलेला गुंड असतो. कोण ठेवतं माहीत नाही, उठेपर्यंत माणूस गेलेलं असतं, आणि गुंड त्यांचाच, तुझा नाही. नवरा पहाटे जागून पाहणार म्हणाला. पाहू देऊ नको त्याला. ज्याने लाथ मारली तोच असेल तर तो पुन्हा यायचा नाही, आणि हापशीवर चारचौघांत विचारलं तर दुसरं कुणी असेल तेही थांबेल. भांड्यावरून हा आजार सहसा पसरत नाही, पण त्यांना ते माहीत नाही. तेव्हा रोज रात्री तो गुंड साबणाने घासून, पालथा करून, ओट्याच्या अगदी कडेला ठेवत जा. उन्हाळ्याचं आहे, एक गुंड तुम्हाला पुरणार नाही. उद्या बाजूला तुझाही ठेवून पाहा.